उजवा हात आत

सबनीस काका ज्या लिफ्टनं दूध आणायला खाली उतरायचे, त्या लिफ्टनं कधीही वर यायचे नाहीत.

चोआ चू कांगमधल्या आमच्या ब्लॉकला दोन टोकांना दोन लिफ्ट आहेत आणि मध्ये लांबलचक कॉरिडॉर. काकांचं घर अकराव्या मजल्यावर, अगदी डाव्या टोकाला. म्हणजे डाव्या लिफ्टनं उतरायचं, उजव्या लिफ्टनं वर यायचं आणि मग हातात दुधाचा खोका घेऊन मजल्यावरच्या प्रत्येक दारासमोरून चालत घरी जायचं. कुंड्यांना पाणी घालणाऱ्या चिनी आजींना 'मॉर्निंग', शाळेच्या बससाठी धावणाऱ्या मलय मुलांना 'मॉर्निंग', दारात पसरलेल्या मांजरालाही 'मॉर्निंग'. आमचं दार कॉरिडॉरच्या बरोबर मध्यावर. त्यामुळे सिंगापूरमध्ये मी सगळ्यांत जास्त वेळा पाहिलेला माणूस म्हणजे सबनीस काका, आणि तोही कायम उजवीकडून डावीकडे जाताना.

यामागचं कारण ते कुणालाही, न विचारता, सांगायचे. त्यांचा सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. पुण्याहून तरुणपणी आले ते लिफ्टच्याच कंपनीत, आणि साठीला टेकले तेव्हा तिथूनच निवृत्त झाले. "त्याच भोकातून वर, त्याच भोकातून खाली," ते म्हणायचे. "उभा जन्म बघत आलोय. लिफ्टला इलाज नाही. माणसाला आहे." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "जा-ये करायला आपण काय लिफ्ट आहोत?"

जा-ये हा त्यांच्या लेखी मोठा दोष होता. गेलेल्या वाटेनं परत येणं म्हणजे जा-ये. लिटिल इंडियात भाजी आणायला गेले तर दुकानात एका दारानं शिरायचे आणि दुसऱ्यानं बाहेर पडायचे. मग उतरलेल्या स्टेशनवर परत न जाता पुढच्या स्टेशनपर्यंत चालायचे. काकू मागून पिशवी सांभाळत म्हणायच्या, "अहो, कोथिंबीर मान टाकतेय." काका म्हणायचे, "तिला म्हणावं, नवीन रस्ता बघ."

इथल्या एमआरटी मेट्रोची सर्कल लाइन पुरती सुरू झाली तेव्हा काकांनी मजल्यावर पेढे वाटले होते. शेजारच्या आजींना वाटलं, घरात बाळ झालं. पहिल्याच आठवड्यात काका त्या गाडीत बसले, ती आपल्याला गोल फिरवून जिथून बसलो तिथंच आणून सोडणार या भरवशावर. हार्बरफ्रंटला गाडी थांबली आणि सगळे उतरले. काका बसून राहिले. स्टेशनवरचा मुलगा आत येऊन म्हणाला, "अंकल, लास्ट स्टेशन लाह."

"वर्तुळाला शेवटचं स्टेशन असतं का?" हे काकांनी त्याला इंग्रजीत विचारलं. त्या बिचाऱ्यानं समोरचा फलाट दाखवला. तिथून हीच गाडी परत मिळेल म्हणाला. "परत? हीच?" काका बसनं घरी आले. त्या लाइनचं नाव निघालं की ते अजूनही फसवल्यासारखा चेहरा करायचे.

माझी आणि त्यांची ओळख कॉरिडॉरपुरतीच राहिली असती. मला माणसांशी बोलायला वेळ लागतो. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठीत बोलताना मी आधी मनातल्या मनात वाक्य तपासून घेते, आणि तपासून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. नोकरी लागल्यावर तर ऑफिस आणि घर एवढंच उरलं. एक दिवस आईनं कॉरिडॉरमध्ये काकांना अडवलं आणि माझ्यासमोरच म्हणाली, "हिला तुमच्या रविवारच्या चालण्याला न्या हो. घरात बसून तोंड गंजेल हिचं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "आवाज करत नाही ना?"

"आवाजच तर करत नाही!"

"मग चालेल. स्टँडबाय लिफ्ट अशीच असते. चालू असते, पण कळत नाही." त्या दिवसापासून मी त्यांची स्टँडबाय झाले.

रविवारचं चालणं म्हणजे काकांची जगाला दिलेली देणगी. सकाळी ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमधून निघायचं आणि दुपार कलताना त्याच कॉफीशॉपमध्ये यायचं, पण उलट बाजूनं. मध्ये एकही पाऊल दुसऱ्यांदा पडता कामा नये. आधी माळ लागायचा. लालांग नावाचं गवत, माझ्या डोक्याच्याही वर, त्यातून एक जेमतेम पायवाट. मग रान. तिथं पूर्वी वस्ती होती, आता नाही. पण जास्वंदीचं कुंपण अजून सरळ रेषेत उभं, आणि तीन पायऱ्या अशा की चढून गेलं की समोर घरच नाही. रानाच्या पलीकडे शेतं. मासे पाळणारे, भाजी पिकवणारे, बेडूक पाळणारेसुद्धा. भुंकणारी कुत्री, वाळत घातलेले कपडे, टोपीवाल्या चिनी मावश्या. "माळ, रान, गाव," काका एकेक बोट दुमडून दाखवायचे. "या बेटावर हे तिन्ही अजून शिल्लक आहे, आणि आपले लोक रविवारी एअरकंडिशन खायला जातात."

आमच्यात नेमानं येणारा तिसरा म्हणजे अभिजित. हा बुकित तिमाहच्या एका काँडोत राहणारा आयटीतला मॅनेजर. चालायला यायचा तो टॅक्सीनं. दोन काठ्या, गुडघ्यांना पट्टे आणि मनगटावर एक घड्याळ. ते घड्याळ दर किलोमीटरला बाईच्या आवाजात त्याचं कौतुक करायचं. काका त्याला म्हणायचे, "तुझी बायको घरी कौतुक करत नाही का रे?"

अभिजित म्हणायचा, "तिच्यात ते फीचर नाही, काका."

चालताना काकांची भाषा सगळी लिफ्टची. कुणी मागे रेंगाळलं की, "दार बंद होतंय, दार बंद होतंय!" अभिजितनं ऑफिसचं राजकारण सांगायला घेतलं की पाच मिनिटांनी, "मजला आला, उतरा." पाठीवरची पिशवी फार भरलेली दिसली की, "ओव्हरलोड." एकदा रानात भली मोठी घोरपड वाटेत आडवी बसली होती. आम्ही दोघं थिजलो. काका तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "तुमचं होऊ द्या बाई. आम्ही पुढच्या खेपेला येतो." ती सावकाश उठली आणि डावीकडे निघून गेली. काका म्हणाले, "बघा. हिलासुद्धा नियम कळतो."

तो नियम म्हणजे "उजवा हात आत." आम्ही वर्तुळ नेहमी एकाच दिशेनं चालायचो, आतली बाजू उजव्या हाताला ठेवून. एकदा पायवाटेवर पाणी साचलं होतं म्हणून अभिजित म्हणाला, आज उलट्या बाजूनं जाऊ. काका जागच्या जागी थांबले. असं काही सुचवलं जाऊ शकतं याचाच त्यांना धक्का बसला होता. आम्ही पाण्यातून गेलो. अभिजितचे महागडे बूट वाळायला बुधवार उजाडला.

"काका, ही तर प्रदक्षिणा झाली," तो बूट पिळत म्हणाला. "कुणाला घालतोय ते तरी सांगा."

"देव कुठून आला यात? इंजिनिअरिंग आहे ते."

"कसलं इंजिनिअरिंग?"

"तुला नाही कळायचं. तू सॉफ्टवेअर."

अभिजितच्या घड्याळात आमची वाट नकाशावर उमटायची. पपईसारखा आकार यायचा, एका बाजूला फुगलेला. त्यानं तो बोटांनी मोठा केला आणि हसायला लागला. "काका! आत बघा काय आहे. आपण दर रविवारी दफनभूमीला प्रदक्षिणा घालतो!"

खरंच, पपईच्या फुगलेल्या भागात दफनभूमीचा मोठा हिरवा तुकडा होता. चिनी, मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू, सगळ्यांची तिथं वेगवेगळी जागा आहे.

"नकाशा जुना असेल," काका म्हणाले. "दार बंद होतंय. चला."

निम्म्या वाटेवर, त्याच दफनभूमीच्या एका फाटकासमोर, फुलझाडांची नर्सरी होती. तिथल्या बाकावर शैलाकाकू आमची वाट बघत बसलेल्या असायच्या. काकूंचे गुडघे चालण्याचे नव्हते. त्या डबा घेऊन बसनं यायच्या आणि बसनंच परत जायच्या, म्हणजे जा-ये. काकांनी त्यांना त्याबद्दल कधी एक शब्दही बोललेला मी ऐकला नाही. डब्यात शिरा असायचा. काका बाकाच्या ठरलेल्या टोकाला, रस्त्याकडे पाठ करून बसायचे आणि नर्सरीतल्या कुंड्यांकडे बघत खायचे.

मी बोलत नाही, पण बघते. काकू आमच्यानंतर घरून निघत, बसला थोडाच वेळ लागे, तरी त्यांच्या चपलांना तांबडी माती लागलेली असे. बसस्टॉपपासून नर्सरीपर्यंत सगळा सिमेंटचा रस्ता. शनिवारी लिटिल इंडियातून आणलेली शेवंतीची फुलं त्यांच्या फ्रिजमध्ये मी पाहिलेली असत, ती सोमवारी देवापुढे नसत. आणि शिऱ्याचा डबा कधी काठोकाठ भरलेला नसे. एका कोपऱ्यात चमचाभर खळगा असायचाच. अभिजित दर वेळी तोच विनोद करायचा, "काकू, वाटेत चव घेतली वाटतं!" आणि काकू दर वेळी हसून म्हणायच्या, "हो रे. भूक लागली."

त्याच सुमारास मेलबर्नचं प्रकरण सुरू झालं. काकांचा मुलगा निखिल तिथं असतो. त्याला मुलगी झाली आणि त्यानं आईवडिलांना कायमचं बोलावून घ्यायचं ठरवलं. कागदपत्रं झाली, त्यांच्यासाठी एक खोली रंगवून झाली. काकूंनी जायची भांडी आणि वाटून टाकायची भांडी वेगळी करून ठेवली. काका मात्र एकच सांगायचे, "पुढच्या वर्षी."

नातीला बघायला ते एकदा जाऊन आले होते. सोमवारी गेले आणि शनिवारी परत हजर, तेही येताना पर्थवरून, म्हणजे वाट वेगळी. "रविवार बुडतो," एवढंच कारण सांगितलं. मजल्यावर सगळ्यांना त्याचं हसू आलं. निखिलला आलं नाही.

एका रविवारी बाकावर असताना त्याचा फोन आला. काकांना फोन कानाला लावणं जमायचं नाही, ते स्पीकर सुरू करायचे. त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"बाबा, ती पावलं टाकायला लागली. तुम्ही कधी बघणार?"

"पुढच्या वर्षी."

"गेल्या वेळीही हेच म्हणालात. तुम्हाला एक वॉक सोडवत नाही? इथं काय रस्ते नाहीत?"

"आहेत ना. बघितले मी. चांगले आहेत."

"मग? आईला विचारलंत का एकदा तरी? तिला यायचंय, बाबा."

काकू शिरा वाढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "निखिल," त्या शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या वर्षी म्हणाले ना ते."

तिकडून फोन बंद झाला. अभिजितला शांतता सहन होत नाही. तो म्हणाला, "काका, मेलबर्नला एवढे गोल ट्रेल आहेत, मी बघून देतो लिस्ट." काकांनी फक्त पाण्याची बाटली त्याच्यापुढे केली. मला त्यांचा राग आला होता, हे मी इथं लिहून टाकते. एका सवयीसाठी माणूस नातीची पहिली पावलं सोडतो, असं मला वाटलं.

मग एका शनिवारी बसच्या पायरीवर काकूंचा पाय मुरगळला. रविवारी सकाळी मी निघाले तर त्या भिंतीला धरत धरत आमच्या दाराशी आलेल्या. हातात डबा आणि कागदात गुंडाळलेली शेवंती.

"मुक्ता, एवढं काम करशील? नर्सरीसमोरच्या फाटकातून आत जा. डावीकडची तिसरी ओळ, अगदी शेवटपर्यंत. एक पिवळं भिरभिरं दिसेल. तिथं फुलं ठेव, आणि शिऱ्याचा एक घास." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आमची मुलगी आहे तिथं. निखिलच्या पाठची, खूप उशिरा झालेली. सहा महिन्यांची होती. आपल्यात एवढ्या लहानांना अग्नी देत नाहीत ना."

न बोलता उभं राहणं मला चांगलं जमतं. त्या सकाळी पहिल्यांदाच ते कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

"आणि काका?" मी एवढंच विचारलं.

"ते आत येत नाहीत. लांबूनच चक्कर मारतात." जाता जाता वळून म्हणाल्या, "तुला सांगितलं, कारण तू गाजावाजा करणार नाहीस."

खाली कॉफीशॉपमध्ये काकांनी माझ्या हातातली पिशवी पाहिली. कागदातून शेवंतीचे देठ बाहेर आले होते. ते पुढे चालायला लागले. त्या दिवशी माळावर 'दार बंद होतंय' नाही, रानात 'मजला आला' नाही. अभिजितनं ऑफिसचं सगळं राजकारण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं आणि कुणी उतरवलं नाही म्हणून तोच गोंधळला.

नर्सरीपाशी अभिजित बाकावर बसून बूट सोडायला लागला. मी उभीच राहिले. वाक्य माझं तपासून तयार होतं. "काका, मी समोर जाऊन येते. काकूंनी सांगितलंय."

"ऊन आहे," काका म्हणाले. "ओळ लांब आहे."

मी रस्ता ओलांडला. ते मागून आले. फाटकाशी पुन्हा म्हणाले, "पुढे बंद आहे ती ओळ. त्याच वाटेनं परत यावं लागतं."

"येईन मी."

फाटकाशेजारी एक मोठं झाड होतं. त्याच्या सावलीत काका उभे राहिले. आत बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. मग कुठल्या तरी मशीनबद्दल सांगावं तशा आवाजात बोलले.

"शैलाही तेव्हा आजारानं हॉस्पिटलमध्ये होती. तिला उठायची परवानगी नव्हती. मीच घेऊन आलो होतो. जाताना हातात होती. येताना त्याच वाटेनं मोकळे हात घेऊन आलो." पायानं एक खडा सरकवला. "लांब आहे ती ओळ."

काकांनी झाडाच्या खोडाला हात टेकला.

"इथं जागा कुणालाच कायमची मिळत नाही. ठरलेली वर्षं झाली की काढून घेतात. या ओळीची पाळी पुढच्या वर्षी आहे. मग तिला समुद्राला देऊ आणि निघू. त्याआधी कसं निघणार? रविवारी कुणीतरी यायला हवं ना." आणि मग, "निखिल शाळेत होता. त्याला आठवत असेल. आम्ही विचारत नाही, तो सांगत नाही."

मी आत जायला पाऊल उचललं. काकांनी हात पुढे केला.

"दे."

मी पिशवी दिली. काका आत गेले.

मी झाडाखालीच थांबले. ते ओळीतून चालत होते. घाई नव्हती आणि रेंगाळणंही नव्हतं. ओळीच्या शेवटी ते उकिडवे बसले. पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे फार काही दिसलं नाही. फुलांचा कागद उलगडताना दिसला. मग त्यांनी जमिनीतून काहीतरी पिवळं उपटून काढलं आणि अगदी डोळ्यांजवळ धरलं. खिशातून चाव्यांचा जुडगा निघाला. चावीच्या टोकानं ते बराच वेळ काहीतरी करत राहिले. मग त्यावर फुंकर मारली. पुन्हा काहीतरी केलं, पुन्हा फुंकर मारली. शेवटी ते जिथलं तिथं रोवलं आणि तसेच बसून राहिले. वारा फार नव्हता. तरी मला इतक्या लांबून दिसलं, ते पिवळं गरगरत होतं.

मग काका उठले, वळले आणि गेले होते त्याच वाटेनं परत आले.

माझ्याजवळ पोचल्यावर त्यांनी डबा माझ्या हातात दिला. आवाजात तक्रार होती.

"फिरत नव्हतं ते. पिन वाकली होती. शैलानं सांगायला नको का मला?"

बाकावर अभिजितनं डबा उघडला. आज कोपऱ्यात खळगा नव्हता, पाव डबाच उपसलेला होता आणि कडांना बोटांचे ठसे उमटले होते. तो खूश झाला. "काका, आज तुम्ही चव घेतलीत वाटतं!"

"हो," काका म्हणाले. "भूक लागली होती."

ते बाकावर बसले. ठरलेल्या टोकाला नाही, दुसऱ्या, जिथून फाटक समोर दिसतं. शिरा संपला. मग काकांनी चाव्यांचा जुडगा काढला, एका चावीचं टोक रुमालानं पुसलं आणि स्वतःशीच म्हणाले, "पुढच्या रविवारी थोडं तेल आणायला हवं."

आणि उठले. "चला. उजवा हात आत. दार बंद होतंय."